जुन्या सर्व्हरवर इन्स्टॉलेशन अडकलं? आधी पाहा, घोडं कुठे पेंड खातंय

डेल पॉवरएज आर७१० हे २००९ सालचं यंत्र. त्यात झिऑन ५५०० किंवा ५६०० मालिकेचे प्रोसेसर आणि रॅमचे १८ स्लॉट. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतं आणि नेटानं चालतं. त्यावर डेबियन १२ किंवा अल्मालिनक्स ९ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम चढवायला घेतलं की मात्र पट्टी पुढे सरकत नाही, नाहीतर पडदाच काळा होतो. अशा वेळी पॉवर बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण काय बिघडलं ते सांगणारा लॉग त्यासोबत पुसला जातो. खालची माहिती आर७१० धरून लिहिली आहे. आज्ञा इथे देवनागरीत असल्या तरी टंकताना रोमन लहान लिपीतच टंकायच्या.

थांबलंय की रांगतंय?

पहिल्यांदा डिस्कचे दिवे बघा. लुकलुकत असतील तर काम चालू आहे, फक्त संथ आहे. यामागे बहुतेकदा पर्क कार्डाची (अनेक डिस्क एकत्र जोडणारं, म्हणजे रेड करणारं डेलचं कार्ड) मेलेली बॅटरी असते. बॅटरी गेली की पर्क ६/आय आणि एच७०० ही दोन्ही कार्डं राइट-बॅक (आधी मेमरीत, मग सवडीने डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर) जातात. डेबियनचं पॅकेज बसवणारं डीपीकेजी प्रत्येक पॅकेजनंतर डेटा खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करतं. रेड ५ आणि ७२०० आरपीएमच्या डिस्क असतील तर ही खात्री फार महाग पडते. बॅटरीची स्थिती बूट होताना कंट्रोल-आर दाबून पाहता येते. आयडीआरॅक या सर्व्हरच्या दूर-नियंत्रण यंत्रणेच्या व्हर्च्युअल मीडियावरून आयएसओ लावला असेल तरी असंच होतं, पूर्ण डीव्हीडी तिथून ओढणं म्हणजे शिक्षाच. नेटइन्स्टॉल आयएसओ पेनड्राइव्हवर घ्या, आधी त्याचा एसएचए२५६ (फाइल बरोबर उतरली का ते सांगणारा आकडा) ताडून पाहा आणि रूफस या प्रोग्रॅममध्ये डीडी मोडने लिहा.

दिवे शांत असतील तर लॉगकडे वळा. डेबियनमध्ये ऑल्ट-एफ४ दाबलं की लॉग दिसतो, ऑल्ट-एफ२ वर शेल (आज्ञा टंकायची जागा) मिळतं. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोलही दाबायचं. परतीची वाट तिथे एफ५ ला आहे, टेक्स्टमध्ये एफ१ ला. अल्मामध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ१ ने टीमक्स (एका पडद्यावर अनेक खिडक्या) उघडतं, त्यात कंट्रोल-बी दाबून २ म्हणजे शेल, ४ म्हणजे स्टोरेजचा लॉग. कंट्रोल-ऑल्ट-एफ६ ने परत. रिमोट कन्सोलवर असाल तर या कळा तुमचाच लॅपटॉप गिळतो, तेव्हा व्ह्यूअरमधल्या मॅक्रो मेन्यूतून पाठवा.

मेन्यूनंतर लगेच काळोख

आर७१० मधली मॅट्रॉक्स जी२००ईडब्ल्यू चिप बापडी जुनी आहे. कर्नल (सिस्टिमचा गाभा) रिझोल्यूशन बदलायला गेलं की कधी कधी पडदा जातो आणि आत इन्स्टॉलर व्यवस्थित चालू असतो. बूट मेन्यूत हवी ती ओळ निवडून, बायोसने बूट केलं असेल तर टॅब, यूईएफआयने (बायोसची नवी पद्धत) केलं असेल तर ई दाबा. ओळीतला 'क्वाएट' काढा आणि 'नोमोडसेट' जोडा. मग अनुक्रमे एंटर किंवा कंट्रोल-एक्स. 'क्वाएट' काढणं विसरू नका. तो असेपर्यंत कर्नल नेमका कुठे अडला ते दिसतच नाही.

आता ओळी दिसतील. 'डीएमएआर' आणि 'फॉल्ट' हे शब्द पुन्हा पुन्हा येत असतील तर 'इंटेल_आयओएमएमयू=ऑफ' जोडा. 'मशीन चेक' (हार्डवेअरची चूक) दिसलं तर सॉफ्टवेअरचा नाद सोडा. मेमटेस्ट८६+ लावा, आणि रॅमच्या पट्ट्या प्रत्येक प्रोसेसरच्या पांढऱ्या खटक्यांच्या स्लॉटपासून भरल्या आहेत ना ते तपासा.

अल्मा ९ सुरू होतानाच 'एक्स८६-६४-व्ही२' (प्रोसेसरच्या आज्ञांचा किमान संच) नसल्याची तक्रार करून पॅनिक झालं तर प्रोसेसरच जुना आहे. आर७१० मध्ये हे होणार नाही, पण त्याच्या आधीच्या झिऑन ५४०० वर होतं, कारण त्यात या संचातला एसएसई ४.२ हा भाग नाही. तिथे डेबियन घाला, वाद संपला.

डिस्कच सापडत नाही

जुन्या सर्व्हरवर सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. शेलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' चालवून कार्डाचा आकडा बघा. १०००:००५८ म्हणजे एसएएस ६/आयआर, १०००:००६० म्हणजे पर्क ६/आय. रेड हॅटने आवृत्ती ८ पासून या दोघांचा आधार काढून टाकला, त्यामुळे अल्मालाही ९.४ च्या आधी ती डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती. ९.४ पासून अल्माने हा आधार परत आणला, म्हणून आधी नवा आयएसओ घ्या. जुन्याच आवृत्तीवर राहायचं असेल तर ईएलरेपो या स्वयंसेवी भांडाराची ड्रायव्हर डिस्क दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन बूटच्या ओळीत 'इन्स्ट.डीडी' लिहिलं की काम होतं. पण पुढच्या प्रत्येक मायनर अपडेटला ड्रायव्हर जुळतो का, हे पाहणं तुमच्या गळ्यात पडतं. घरच्या किंवा लॅबच्या कामाला एवढा खटाटोप कशाला? डेबियनच्या कर्नलमध्ये हे ड्रायव्हर अजून आहेत.

कार्ड दिसतं पण डिस्क नाही, तर कंट्रोल-आर मध्ये जा (एसएएस ६/आयआर ला कंट्रोल-सी). पर्क डिस्क थेट पुढे देत नाही. एकेकट्या डिस्कचाही रेड ० बनवावा लागतो. दुसऱ्या यंत्रातून आलेल्या डिस्कवर 'फॉरिन' लिहिलेलं दिसेल. आतला डेटा नको असेल तरच ते क्लिअर करा. आणि पर्क ६/आय ला २ टीबीवरची डिस्क पूर्ण वापरता येत नाही, ४ टीबीची आणून पैसे घालवू नका.

पार्टिशनच्या पडद्यावर चाक नुसतं फिरत राहिलं तर लॉगमध्ये 'आय/ओ एरर' शोधा. एका कमांडची वाट कर्नल बराच वेळ बघतो, मग पुन्हा प्रयत्न करतो. अशी थोडी खराब सेक्टर असली की तास जातो. ती डिस्क काढा. एरर नसेल तर जुन्या रेडची खूण उरली असण्याचा संभव आहे. 'वाइपएफएस -ए' आणि डिस्कचं नाव. नाव दोनदा वाचा, ही आज्ञा परत विचारत नाही.

नेटवर्कपाशी थांबलं

ब्रॉडकॉम ५७०९ या नेटवर्क चिपला फर्मवेअर लागतं. डेबियन १२ च्या आयएसओत ते आहे, ११ च्या साध्या आयएसओत नव्हतं. चार पोर्टांपैकी वायर कुठे लावली तेही बघा.

मिररपाशी (पॅकेज पुरवणाऱ्या सर्व्हरपाशी) अडलं आणि लॉगमध्ये 'नॉट व्हॅलिड येट' आलं तर घड्याळ मागे आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. इन्स्टॉलर एनटीपीने (नेटवरून) वेळ लावतो खरा, पण ऑफिसच्या फायरवॉलने पोर्ट १२३ बंद केलं असेल तर त्याचाही इलाज नाही. एफ२ दाबून बायोसमध्ये वेळ लावा, सेल बदला.

अगदी शेवटी, ग्रबपाशी

ग्रब म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर. तो बसवताना इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर प्रत्येक पार्टिशन चाळतो आणि जुन्या डेटाच्या डिस्कवर तिथेच रुतून बसतो. शेलमध्ये 'पीएस' ने त्याचा नंबर शोधा, 'किल' करा, इन्स्टॉलर पुढे जाईल. त्याहून बरं म्हणजे इन्स्टॉल करताना फक्त सिस्टिमची डिस्क आत ठेवणं.

बायोस मोडमध्ये जीपीटी पार्टिशन टेबल वापरत असाल आणि पार्टिशन हाताने केली असतील तर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन द्या, नाहीतर ग्रबला बसायला जागा मिळत नाही. आणि वर जोडलेले 'नोमोडसेट' वगैरे शब्द डेबियनच्या बूट ओळीतल्या तीन आडव्या रेघांच्या नंतर लिहा. तसे लिहिले तरच ते बसवलेल्या सिस्टिममध्ये उतरतात, नाहीतर पहिल्याच रीबूटला पडदा पुन्हा काळा.