‘डाव्या हाताचे लग्न’ मराठीत कसे आणावे

युरोपातील राजघराण्यांचा इतिहास मराठीत लिहिताना ‘डाव्या हाताचे लग्न’ हा प्रयोग जसाच्या तसा ठेवू नये. तो वाचताच मराठी माणसाला ‘डाव्या हाताचा खेळ’ आठवतो आणि घाईत, सहज उरकलेले लग्न असा भलताच अर्थ लागतो. मूळ गोष्ट वेगळी आहे. जर्मन राज्यांत, वधू समान दर्जाची नसेल तर वर विवाहविधीत तिच्यापुढे उजव्याऐवजी डावा हात करी. ते लग्न धर्माने आणि कायद्याने पक्के असे, मुले औरस ठरत, परंतु पत्नीला पतीचा दर्जा व मुलांना गादी मिळत नसे. त्यामुळे येथे ‘रखेल’ किंवा ‘अनौरस’ हे शब्द साफ चुकतात.

त्यानंतर ‘डावे’ या शब्दाचा भार तपासावा; मराठीत तो नेहमीच कमीपणाचा नसतो. आपण ‘डावे-उजवे करणे’ म्हणतो, लेकीचे लग्न लावून देण्याला ‘उजवणे’ म्हणतो; पण हक्काची पत्नी मात्र ‘वामांगी’च असते. पंगतीत पानाच्या डावीकडची चटणी-कोशिंबीर बोटभर वाढतात, तरी ती विसरणाऱ्या वाढप्याला पहिली हाक तिच्यासाठीच येते. नाशिककराला तर अधिक सांगायला नको, कारण गोदावरीच्या प्रवाहाच्या दिशेने पाहिले तर पंचवटी डाव्या तीरावर आहे.

‘अनुलोम विवाह’ हा तयार शब्द मोहात पाडतो, पण तोही टाळावा. अनुलोमात (वर उच्च वर्णाचा, वधू खालच्या) प्रश्न वर्णाचा असतो, तर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड याची पत्नी सोफी चोटेक ही उमरावाची मुलगी, काउंटेस, असूनही हाब्सबुर्ग या त्याच्या राजघराण्याच्या नियमाने कमी पडली. 1900 साली लग्नाआधी त्याला तिचा व मुलांचा गादीवरील हक्क शपथेवर सोडावा लागला. 1914 मध्ये साराजेव्होत दोघांची एकत्र हत्या झाली, तरी व्हिएन्नात तिची शवपेटी त्याच्या शवपेटीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवली गेली.

‘असमान दर्जाचा विवाह’ हा शब्द मला सर्वांत सोयीचा वाटतो. पहिल्या उल्लेखात ‘मॉर्गनॅटिक’ हे मूळ नाव देऊन, त्यामागे लग्नानंतरच्या सकाळी वधूला देण्याच्या भेटीची कल्पना आहे, हे एका वाक्यात सांगावे. या भेटीला ‘स्त्रीधन’ म्हणू नये, कारण स्त्रीधनाची व्याप्ती फार मोठी आहे. आठव्या एडवर्डविषयी लिहिताना मात्र ‘प्रस्ताव’ हाच शब्द वापरावा: वॉलिस सिम्प्सनशी असा विवाह करण्याची कल्पना 1936 मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने फेटाळली आणि त्याने गादी सोडली.