'बिग'चा अर्ज भरण्याआधी टप्पे मोजून लिहा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत साचेकाम, पॅनेल, सेन्सर करणारे कसबी हात भरपूर आहेत. त्यातले काही आता आरोग्य उपकरणांकडे वळताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या बायरॅकचं (जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणारी संस्था) 'बिग' म्हणजे 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट' हे अनुदान आहे: नवी कल्पना सिद्ध करण्यासाठी 50 लाखांपर्यंत, मुदत 18 महिने. हे कर्ज नाही.

पैसे मात्र एकरकमी येत नाहीत. ठरलेला टप्पा पूर्ण झाला की पुढचा हप्ता सुटतो. म्हणून अर्जात 'उपकरणात सुधारणा करू' असं मोघम लिहू नका. समजा, तुम्ही नवजात बाळासाठी तापमान मोजणारा पट्टा करताय. मग लिहा: 'सहाव्या महिन्यापर्यंत पाच नमुने, प्रमाणित तापमापकाशी फरक 0.2 अंशाच्या आत.' काम झालं की नाही, हे परक्या माणसालाही पडताळता आलं पाहिजे. रुग्णांवर चाचणी करणार असाल तर नैतिकता समितीच्या मंजुरीचा वेळही धरा. तो विसरला की सगळं वेळापत्रक कोलमडतं, आणि हप्ता अडकला की कारागिरांचे पगार खिशातून द्यावे लागतात.

आणखी एक. प्रदर्शनात उपकरण मांडण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून ठेवा; पूर्ण तपशील द्यायला पुढे 12 महिने मिळतात.

मार्गदर्शनासाठी पुण्यात पाषाणला व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना मदत करणारं केंद्र आहे. पहाटेची गाडी धरा, मसुदा सोबत न्या.