पाण्याचा दिवस कोणता, ते आधी विचारा

परदेशातनं लग्न करून सोलापुरात आलेल्या आणि आता नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायांसाठी हे लिहिते आहे. इथं खोली बघायला जाल तेव्हा भाडं विचारायच्या आधी पाण्याचा दिवस विचारा. इथं नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी नाही. भागाप्रमाणे तीन, चार, पाच दिवसांआड येतं. कुठं पहाटे, कुठं रात्री अकराला. नवरा-बायको दोघं असतील तिथं एक जण कामावर जातं, दुसरं पाणी भरतं. आपल्या घरात दुसरं कोणी नाही. माझी पहिली नोकरी पाण्यापायी गेली. महिन्यात चार वेळा उशीर झाला आणि मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही पाणीच भरा." म्हणून सांगते, पाणी रात्री येणारी गल्ली बघा, भाडं शे-दोनशे जास्त पडलं तरी चालेल. आणि झाकणाचं मोठं पिंप आधी घ्या, पलंग मागनं.

मी नेपाळची. २००८ साली लग्न करून इथं आले. दोन पोरं आहेत. २०१४ पासून आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो, घटस्फोट झालेला नाही. माझ्यासारख्या बाया अधूनमधून भेटतात. कुणी नेपाळहून आलेली असते, कुणी परदेशात नोकरीला गेलेल्या सोलापुरी पोराशी लग्न करून आलेली. संसार मोडल्यावर सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा बैजवार लिहून काढते आहे.

घरमालक पहिला प्रश्न विचारणार, "मिस्टर काय करतात?" खोटं सांगू नका. "बाहेरगावी असतात" म्हणाल तर दर सणाला तेच विचारतील. मी सरळ सांगायचे, "वेगळे राहतो, पोरं माझ्याकडं आहेत, भाडं पाच तारखेला देते." तीन घरांनी नाही म्हटलं, चौथ्यानं हो म्हटलं. तुमचं नेसणं आणि नाकडोळे बघून कुणी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" म्हणून रेंगाळलं, तर त्यांना भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घराची आठवण करून द्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथल्या गुओ छिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. डिसेंबर १९४२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं बाळ चार महिन्यांचंही नव्हतं. या परदेशी सुनेचं सोलापूरकरांना भारी कौतुक आहे. भाडं त्यानं कमी होत नाही, पण चहा मिळतो.

आता कागद. सासर सोडताना मी घाईत कुकर उचलला आणि पोरांचे जन्मदाखले कपाटात राहिले. आज हसू येतं. तेव्हा त्या दाखल्यांपायी मी सासरच्या दारात किती वेळा उभी राहिले, ते मोजलं नाही. शेवटी गल्लीतल्या एका शिक्षकानं सांगितलं की जन्माची नोंद महापालिकेत असते आणि दाखल्याची प्रत आईला तिथनंच मिळते, त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. तर तुमची पोरं सोलापुरात जन्मली असतील, तर पहिल्याच आठवड्यात महापालिकेत जा आणि चार-पाच प्रती काढून आणा.

का, ते नीट समजून घ्या. आपण परदेशी असलो तरी पोरं परदेशी नाहीत. ३ डिसेंबर २००४ ला किंवा त्यानंतर भारतात जन्मलेलं मूल, आईवडलांपैकी एक भारतीय आणि दुसरं बेकायदा राहणारं नसेल तर, जन्मानंच भारतीय नागरिक असतं. मी सुरुवातीची तीन वर्षं माझ्या नावानं योजना शोधत फिरले आणि प्रत्येक खिडकीवर "तुम्ही इथल्या नाही" ऐकून परतले. दारं उघडायला लागली ती पोरांच्या नावानं अर्ज करायला लागल्यावर. अर्जदार मूल आणि सही करणारी आई, असं डोक्यात ठेवून कचेरीत पाऊल टाका. बोलण्याचा सूरच बदलतो.

यातली एक योजना तर हमखास विचारा. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. एकाच पालकाकडं वाढणाऱ्या मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. मुलाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँकेचं पासबुक, सगळं एका फायलीत लावून न्या. पैसे दर महिन्याला एक तारखेला पडतील या भरवशावर किराणा उधार आणू नका. रखडतात, मग एकदम पडतात.

आपल्या स्वतःच्या कागदांचं दोन तऱ्हेचं आहे. नेपाळी बाईला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारानं इथं राहायची, कामधंदा करायची मुभा आहे. पण हे बँकेतल्या कारकुनाला ठाऊक असेलच असं नाही, तो पासपोर्ट-व्हिसाच मागत बसतो. नेपाळच्या नागरिकता प्रमाणपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा आणि मोठ्या साहेबाला भेटा. वर्षभरात १८२ दिवस इथं राहिलात की आधारही काढता येतं. मात्र "मतदार कार्ड पण काढून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर लांबूनच नमस्कार करा. मतदान हे फक्त भारतीय नागरिकाचं. ते कार्ड उद्या पोलिसांनी दाखवलं तर एजंट सापडणार नाही, तुम्ही सापडाल.

इतर देशांतल्या बायांनी जास्त जपून चालायचं. तुमचा व्हिसा नवऱ्याच्या नात्यावर मिळालेला असेल, तर काम धरायच्या आधी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात तशी परवानगी आहे का, हे लेखी विचारा. मुदत संपायच्या आधीच पुढचा अर्ज टाका. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी माणसाला भारतात कायम राहू देणारं कार्ड, लग्नामुळं मिळालेलं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वेगळं राहणं निराळं आणि घटस्फोट निराळा. कोर्टानं लग्न मोडल्यावर ते कार्ड रद्द होऊ शकतं. "सही करून टाक, दोघं मोकळे होऊ" असं कुणी गोड बोललं तर सही पुढं ढकला आणि आधी वकील गाठा.

वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. घरात मारहाण, छळ, उपाशी ठेवणं झालं असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं, आणि बाईचं नागरिकत्व कुठलं, अशी अट त्या कायद्यात नाही. नुसती पोटगी मागायची तर पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. मी दोन वर्षं तोऱ्यात काढली, म्हणे मला नको त्याचा पैसा. मग थोरल्याला चष्मा लागला. चष्म्याच्या दुकानात उभी राहून माझ्या लक्षात आलं की नको म्हणणारी मी कोण, पैसा तर पोराचा होता.

ताब्याचं प्रकरण कोर्टात असेल तर पोरांना घेऊन परस्पर माहेरी, म्हणजे देशाबाहेर, जाऊ नका. कोर्टाला विचारून जा. आणि रात्रीबेरात्री कुणी दार वाजवून दमदाटी केली तर ११२ लावा, शेजारणीला हाक मारा. शेजारीण आधी पोचते.

कामाचं आता सविस्तर सांगते, कारण इथंच नवीन बाई फसते.

तुम्हाला पहिला सल्ला मिळेल, "विड्या वळा, घरबसल्या काम." सोलापुरात हजारो बाया हेच करतात, बहुतेक तेलुगू घरांतल्या. कुंभारीला तर विडी कामगार बायांची मोठी वसाहतच उभी राहिली आहे. कारखान्यातनं पानं, तंबाखू, दोरा आणायचा, वळून मोजून परत द्यायचं, मजुरी हजारावर. ऐकायला सोपं. पण त्या बाया परकऱ्या पोरी असल्यापासून सुपात बोटं चालवत आलेल्या. माझी शेजारीण अक्का बोलता बोलता, शिव्या देता देता विड्यांचा एक कट्टा, म्हणजे जुडी, बांधायची, तेवढ्यात माझ्या पाच विड्या व्हायच्या आणि त्यातल्या दोन उसवायच्या. पान ओलं किती ठेवायचं, हेच मला चार महिने कळलं नाही. शिवाय खोलीभर तंबाखूचा वास. धाकटी तेव्हा रांगत होती, ती खोकायला लागली आणि मी सूप परत केलं. घरात लहान मूल असेल तर माझा सल्ला हाच, की यात पडू नका.

चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांत माग चालवायला बहुतेक पुरुष असतात. बायांना मागासाठी सुताच्या कांड्या भरणं, टॉवेलच्या कडा शिवणं, घड्या घालणं, पॅकिंग असली कामं मिळतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं सकाळी चालत जाणाऱ्या बायांच्या घोळक्यात मिसळा आणि विचारा. जाहिरात वाचून काम मिळालेली बाई मी अजून पाहिली नाही.

मला जमलं ते गणवेशाचं काम. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारे पुष्कळ कारखानदार आहेत. सुरुवात धागे कापण्यापासून झाली, मग काजं-बटण, मग कॉलर. कॉलर बसवता आली की बाईला किंमत येते. मशीन येत नसेल तर "येतं" म्हणून थाप मारू नका, पहिल्या दहा पिसांत कळतं. हेल्पर म्हणून लागा आणि जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर चिंध्या शिवत बसा, मी तशीच शिकले. ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून जानेवारी ते मे कामाची झिम्मड असते, ओव्हरटाइमही मिळतो. जुलैनंतर हात रिकामे. मेमधला पैसा मेमध्ये उडवला तर गणपतीत उसनवारी ठरलेली. कामाला लागताना दोन प्रश्न तोंडावर विचारा: पगार महिन्यावर का पिसावर, आणि पीएफ कापता का?

मंदीच्या दिवसांत मी भाकरी थापते. तुम्ही हसाल, डोंगरातली बाई आणि ज्वारीची भाकरी! सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ. गरम पाण्यात पीठ मळायचं, परातीत थापत थापत नेत जायची, तव्यावर भाजून मग मंद आचेवर पार ओल जाईपर्यंत शेकायची. महिनाभर टिकते, म्हणून शेंगा चटणीबरोबर पुण्या-मुंबईला पार्सल जाते. माझ्या पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता. अक्का म्हणाली, "नेपाळ काढलीस की गं." तिनं माझं मनगट धरून फिरवायला शिकवलं: दाबायचं नाही, ढकलायचं. आता तासाला किती होतात ते सांगत नाही, नजर लागते.

पोरांना ठेवायचं कुठं? तीन ते सहा वर्षांच्या पोरांना अंगणवाडी आहे, खाऊ मिळतो, पण ती दुपारी सुटते. उरलेल्या तासांसाठी शेजारीण लागते, आणि तिला पैसे देऊन ठेवा. फुकटचा उपकार सहा महिन्यांत जड होतो, दोघींनाही.

शाळेत एका ठिकाणी मला "वडलांची सही आणा" म्हणून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा मी जन्मदाखला, कोर्टातल्या अर्जाची प्रत आणि कायद्याचं नाव एका कागदावर लिहून नेलं. शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा नाकारता येत नाही. खासगी शाळांत पहिल्या वर्गाला २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पोरांसाठी राखीव असतात, त्यांचा अर्ज ऑनलाइन असतो. तारखा चुकवू नका. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लागतं. माझी पोरं त्याच्या आधीची. धाकटी वहीवर स्वतःच माझं नाव घालते, शाळेतल्या बाई खोडत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर नेपाळी बाईला अक्षरं ओळखीची असतात आणि तिथंच घोटाळा होतो. आल्या आल्या मी भिंतीवर वाचलं, "येथे थुंकल्यास शिक्षा होईल." आमच्याकडं शिक्षा म्हणजे शिक्षण. मला वाटलं, काय सुधारलेलं गाव आहे, थुंकणाऱ्यालासुद्धा शिकवतात. इथं मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं एका वाक्यात चालतं. "काय करायलाय?" एवढं ऐकून "कुठं काय, बसलोय की" म्हणता आलं की भाजीवाली भाव कमी करते. पोराला शाळेत "मोमो" म्हणून चिडवायचे. मी तक्रार केली, काही झालं नाही. मग एका शनिवारी वर्गातल्या सहा जणांना घरी बोलावून मोमोच खाऊ घातले. चिडवणं थांबलं नाही, पण आता दर महिन्याला खायला येतात.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक निघते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर दिसतात. आमच्याकडं तेव्हाच माघे संक्रांती, तिळाचे लाडू तिथंही आणि इथंही. यात्रेच्या दिवसांत स्टॉलवर हाताखाली बाया लागतात, रोजावर पैसे मिळतात. पोरं मात्र शेजारणीकडं ठेवून जा. आणि पोरांना फिरवायला न्यायचं तर यात्रेच्या मुख्य दिवशी नको, नंतर एखाद्या आडवारी दुपारी न्या. पाळण्याची रांग कमी असते. मनगटावर पेनानं आपला फोन नंबर लिहा, आणि निघायच्या आधी बघून घ्या, त्या दिवशी पाणी तर नाही ना.