रक्तवाहिनीच्या स्नायूपेशी: इनहिबिटरने वाढ थांबली की पेशी मेल्या?

इनहिबिटर म्हणजे पेशीतलं एखादं एन्झाइम अडवणारं रसायन; त्याने वाढ थांबली की पेशी मेल्या, हे असं तपासा. पेशी तिसऱ्या ते सहाव्या पॅसेजमधल्याच (तितक्यांदा नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या) घ्या. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ४,००० पेशी, १०० मायक्रोलिटर मीडियात (पोषक द्रावणात). कडेच्या वेलमधलं पाणी आधी उडतं, म्हणून तिथे पेशी नकोत, नुसता बफर भरा. रात्रभर चिकटू द्या, मग ०.१ टक्के सिरमवर (सिरम म्हणजे वाढीचे घटक असलेला रक्ताचा द्रव) २४ ते ४८ तास उपाशी ठेवा, म्हणजे विभाजन थांबतं. घाईत ही पायरी गाळली की बऱ्याच पेशी आधीच विभाजनात असतात आणि आकडे विस्कटतात.

आधी इनहिबिटर, ३० ते ६० मिनिटांनी पीडीजीएफ-बीबी (या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. एमईके हे वाढीचा संदेश पुढे नेणारं एन्झाइम अडवायला यू०१२६, १० मायक्रोमोलर. पीआय३-कायनेज या तशाच दुसऱ्या एन्झाइमसाठी एलवाय२९४००२, १० ते २० मायक्रोमोलर, पण ते एमटॉर या तिसऱ्या एन्झाइमलाही अडवतं, तेव्हा केवळ त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका. एमटॉर अडवणाऱ्या रॅपामायसिनला १० ते १०० नॅनोमोलर पुरे; हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटवर लेपलेलं सिरोलिमस ते हेच.

इनहिबिटरच्या १० मिलिमोलर स्टॉकचा (डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेल्या घट्ट द्रावणाचा) १ मायक्रोलिटर १ मिलिलिटर मीडियात घातला की १० मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही (इनहिबिटर न दिलेल्या, तुलनेच्या पेशींनाही) द्या. गोव्यात खरी डोकेदुखी जून ते सप्टेंबर: डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतो. उणे २० अंशांतून काढलेली कुपी लगेच उघडली तर दंव आत जातं, स्टॉक पातळ होतो आणि दोष इनहिबिटरला लागतो. २० मायक्रोलिटरच्या कुप्या करा, कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, उरलेलं फेकून द्या. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

इनहिबिटर चालला का, हे पीडीजीएफनंतर १० मिनिटांनी फॉस्फो-ईआरके (एमईकेने फॉस्फेट जोडलेलं ईआरके प्रथिन) घटलं का ते पाहून तपासा (यू०१२६ असेल तर).

वाढ मोजताना एकट्या एमटीटी या रंग-चाचणीवर विसंबू नका. ती चाचणी पेशींची संख्या मोजत नाही, चयापचय मोजते. मंदावलेली पेशी तिथे कमी पेशींसारखीच दिसते. २४ तासांच्या प्रयोगात शेवटचे ४ तास बीआरडीयू (नव्या डीएनएत शिरणारं, विभाजनाची तयारी दाखवणारं रसायन) द्या, शेजारच्या प्लेटमध्ये ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजणी करा. बीआरडीयू घटलं, पण निळ्या पेशी वाढल्या नाहीत, तर वाढ थांबली. निळ्या वाढल्या, तर मात्रा विषारी आहे, खाली उतरा. इनहिबिटर धुऊन, सिरम देऊन ४८ तासांनी पुन्हा मोजलं तर शंका फिटते. रॅपामायसिन मात्र सहजी धुतलं जात नाही.

सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध; ते एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम रोखतं) वापरत असाल तर एका रांगेत १०० मायक्रोमोलर मेव्हॅलोनेटही (ते एन्झाइम जे बनवतं तो पदार्थ) घाला. वाढ परतली, तर एचएमजी-कोए रिडक्टेजच रोखलं गेलं होतं.