युरियाचं पोतं फोडण्याआधी सोयाबीनचं एक रोप खणून पाहा

पेरणीला वीस-पंचवीस दिवस झाले की सोयाबीन जरा फिकट दिसायला लागतं आणि आपला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. यंदा तो आवरा. आधी खुरपं घ्या आणि चार ठिकाणची चार रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढा. उपटू नका. मुळांवरच्या गाठींत जीवाणू राहतात आणि हवेतला नत्र पकडून रोपाला देतात; उपटलं की त्या गाठी जमिनीतच तुटून राहतात आणि आपण म्हणतो, ‘गाठी धरल्याच नाहीत.’

गड्डा बादलीतल्या पाण्यात बुडवून माती हलक्या हातानं सुटू द्या. सोटमुळाच्या वरच्या भागाला मोहरीएवढ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक नखानं चिरा. आत गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेलं नाही. हिरवट-करडी असेल तर तिचं संपलं.

हा लाल रंग म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच भावंड. हवेतला नत्र पकडणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायू लागला की निकामी होतं. पण जीवाणूला जगायला तर प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन तो मोजून-मापून पोचवतं. सोयाबीनच्या गाठीतल्या ब्रॅडीरायझोबियम जीवाणूकडे प्राणवायूचा अंदाज घेणारं फिक्सएल नावाचं प्रथिन असतं. प्राणवायू पुरेसा खाली आला की ते इशारा देतं आणि मग नत्र स्थिर करणारी जनुकं चालू होतात. मोकळ्या मातीत हाच जीवाणू ती जनुकं बंद ठेवून निवांत राहतो. उगाच खर्च कोण करणार? नत्राचा एक रेणू फोडायला किमान 16 एटीपी, म्हणजे पेशीची रोकड, मोजावी लागते.

तो मुळात शिरतो तोही बोलावणं आल्यावरच. सोयाबीनची मुळं जेनिस्टीन, डेडझीन अशी द्रव्यं मातीत सोडतात. ती ओळखली की जीवाणूची गाठ बांधणारी जनुकं जागी होतात, तो उलट खूण पाठवतो आणि मुळाचा केस त्याच्याभोवती वळतो. हरभऱ्यासाठीच्या रायझोबियम जीवाणूंचं पाकीट सोयाबीनला का चालत नाही, ते इथे कळतं: बोली वेगळी. दुकानदार ‘रायझोबियम सगळं एकच’ म्हणाला तरी पाकिटावर पिकाचं नाव वाचा.

आता युरिया. तो मातीत काही दिवसांत अमोनियम आणि पुढे नायट्रेट होतो. इथे एक गल्लत नेहमी होते. ॲझोटोबॅक्टरसारखा मोकळा राहणारा जीवाणू आयता अमोनिया मिळाला की आपला कारखाना स्वतःच बंद करतो. सोयाबीनच्या गाठीत मात्र मुख्य लगाम झाडाच्या हातात असतो. मुळाला नायट्रेट मिळालं की झाड नव्या गाठी धरू देत नाही आणि जुन्यांना साखर पुरवताना हात आखडतं.

मागे एकदा कोळपणीनंतर मी निम्म्या तुकड्याला युरिया फेकला. आठ दिवसांत तो भाग काळाभोर हिरवा झाला, बांधावरून जाणारे थांबून बघायचे. फुलोऱ्यात खणलं तर तिथे गाठी तुरळक, त्याही बऱ्याचशा आतून पांढऱ्या. उरलेल्या निम्म्यात मुळांना घोस लागले होते. शेंगा भरताना, नत्राची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, माझा युरिया कधीच संपून गेला होता.

म्हणून पेरणीसोबतचा शिफारशीचा नत्र, हेक्टरी 30 किलोच्या आसपास, तेवढाच पुरे. गाठ कामाला लागेपर्यंत रोपाला तो आधार होतो.

पेरणी अजून राहिली असेल किंवा दुबार करायची वेळ आली असेल, तर बीजप्रक्रिया चुकवू नका. क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर, जीवाणू संवर्धक. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या पूर्ण थंड झालेल्या पाण्यात कालवून. बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. सोयाबीनची साल नाजूक असते. गोणपाटावर पसरून हलक्या हातानं चोळा. पाकीट मोटारसायकलच्या डिकीत उन्हात भाजलं असेल, तर जीवाणू मेलेले असतात आणि बियाण्याला नुसती काळी पूड लागते.

चिबड रानात गोष्ट वेगळी. पाणी साचलं की मुळांना आणि गाठींनाही श्वास मिळत नाही. कमी प्राणवायू हवा म्हणजे अजिबात नको, असं नाही. शिवाय अशा बुडालेल्या जमिनीत टाकलेल्या नत्राचा बराच भाग दुसरे जीवाणू वायू करून उडवून देतात. तिथे आधी चर काढा, वाफसा येऊ द्या.

आणि पिवळेपणा नीट बघा. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं चुनखडीच्या रानात दिसलं तर कमतरता लोहाची आहे. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना, गाळून फवारा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील आणि पस्तिसाव्या दिवशीही चारही रोपांना गाठ नसेल, तर मात्र हट्ट नको. अशा रानाला नत्र बाहेरूनच द्यावा लागेल. किती, ते कृषी सहायकाला रोपं दाखवून ठरवा.