पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट बसवताना: दिवे घाटातल्या रोजच्या प्रवासातून शिकलेलं

माझी वॅगनआर २०१६ची, पेट्रोलवरची. सासवडहून हडपसरजवळच्या शाळेत जायचं आणि परत यायचं, रोजचे ६० किलोमीटर. किट घ्यायचं ठरवलं तेव्हा पेट्रोल १०४ रुपये लिटर होतं आणि घाट धरून गाडीचं अ‍ॅव्हरेज १६, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. गॅस ८८ रुपये किलो, आणि शाळेतल्या एका सरांची अशीच गाडी किलोला २३ देत होती, म्हणजे पावणेचारच्या थोडं वर. महिन्याचे २४ दिवस धरले तर ३,८०० रुपये वाचत होते. किटचे ५६,००० पंधरा महिन्यांत सुटणार होते. तुम्हीही आधी हा हिशेब वहीत मांडा. महिन्याला ५००च किलोमीटर होत असतील तर पैसे सुटायला साडेतीन वर्षं लागतील, आणि तोवर टाकीची तीन वर्षांनी होणारी पहिली तपासणीही येऊन गेलेली असेल. मग नकोच.

हिशेब जमला तर किटच्या दुकानात जाण्याआधी आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे जा. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर लपलेलं दुखणं गॅसवर लगेच बाहेर येतं. स्पार्क प्लग बदला, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टर बघून घ्या, इंजिनचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. थकलेल्या इंजिनावर ५६ हजार घालू नका.

इंजेक्शनच्या गाडीला सिक्वेन्शियल किटच घ्या, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं. सगळा गॅस एकाच जागी हवेत मिसळणारं जुनं व्हेंचुरी किट कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी होतं. किट तुमच्या मॉडेलसाठी आणि इंजिनसाठी मंजूर असल्याचं प्रमाणपत्र मागा आणि बसवणाऱ्याकडे आरटीओची मान्यता आहे का तेही विचारा. बीएस-६ (नव्या प्रदूषण-निकषांच्या) गाड्यांनाही २०२२ पासून परवानगी आहे, पण अट तीच. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, हे आधी विचारून घ्या. टाकी बसवण्याआधी तिच्या मानेजवळ ठोकलेले आकडे स्वतः वाचा: क्रमांक, चाचणीची तारीख, किती लिटरची. त्यांचा फोटो काढून ठेवा. स्वस्तात मिळते म्हणून वापरलेली टाकी अजिबात घेऊ नका. आत २०० बारचा दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट.

किट बसवायला एक पूर्ण दिवस लागतो. तो दिवस तिथेच बसून काढा. गॅसच्या नळ्यांसाठी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला, भोकं पाडावी लागतात. मॅनिफोल्ड काढून टेबलावर ठेवूनच भोकं पाडा, असं आग्रहाने सांगा. घाईत गाडीवरच ड्रिल मारलं तर धातूचा कीस इंजिनात जातो. टाकीचे बोल्ट नुसत्या पत्र्यात नकोत, खालून जाड पट्टी हवी. जास्त दाबाची स्टीलची नळी सायलेन्सरपासून लांब गेली पाहिजे. टाकीच्या तोंडाची पिशवी आणि तिची गाडीबाहेर उघडणारी नळीही बघा, कारण गळती झालीच तर गॅस डिकीत न साठता बाहेर पडला पाहिजे.

माझं चुकलं ते पुढे. दाब उतरताना गॅस इतका थंड होतो की दाब कमी करणारा रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) फिरवतात. माझ्या गाडीत ते पाइप जोडल्यावर कूलंटमधली हवा नीट काढलेली नव्हती. मी सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून गाडी ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी दिवे घाट चढताना तापमानाचा इशारा लागला. दोन पोरी मागे बसलेल्या, वळणावर मागे ट्रक, आणि बाजूला घ्यायला जागा नाही. ती पाच मिनिटं मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, लॅपटॉप लावून ट्युनिंग झालं की मेकॅनिकला शेजारी बसवून चढावर चला, भरल्या गाडीने, एसी लावून. परत आल्यावर इंजिन गार होऊ द्या, मग कूलंटची पातळी बघा. चढावर पिकअप थोडा कमी होतो, ते स्वाभाविक आहे. पण झटके बसता कामा नयेत.

कागदपत्रं हा किटचाच भाग आहे. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद होईपर्यंत गाडी रोजच्या वापरात आणू नका. कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. विमा कंपनीला कळवून पॉलिसीत किट चढवून घ्या, थोडा हप्ता वाढतो. नोंद नसलेल्या किटवर अपघातात दावा अडकू शकतो.

रोजच्या वापरात गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि गरम झाली की आपोआप गॅसवर जाते, म्हणून पेट्रोलची टाकी कायम पाव तरी भरलेली ठेवा. मी शनिवारी घरी येताना मुद्दाम पेट्रोलवर येते, म्हणजे इंजेक्टर चोंदत नाहीत. गॅस पहाटे भरते. गारव्यात टाकीत जास्त मावतो आणि रांगही छोटी असते. भरताना इंजिन बंद, सगळे खाली. मागे टाकीचं वजन वाढतं, तेव्हा मागच्या टायरमधली हवा तपासत जा.

टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह कोणत्या दिशेला बंद होतो ते घरात सगळ्यांना दाखवा. मी सासूबाईंनाही दाखवलं, त्यांनी स्वतः फिरवून पाहिला. वास आला तर किल्ली फिरवायची नाही, दारं उघडायची, तो व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गाडीपासून लांब उभं राहायचं. काडी लावून गळती शोधणारे लोक मी पाहिलेत. गळती साबणाच्या फेसानेच शोधतात.

दर ३ वर्षांनी गॅसची टाकी उतरवून हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. तारीख उलटली की पंपावर गॅस देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. टाकीची तारीख मी आरसीच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवली आहे, आणि टेस्ट महिनाभर आधीच, दिवाळीच्या सुट्टीत करून घेणार आहे.