शिंपले वेचायला जायचं तर आधी तिथी बघा

ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, पण आम्हा रत्नागिरीकरांना भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. तृतीया असेल तर तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला भरती, तिथून सहा तासांनी, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा.

शिंपल्यांसाठी मी पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावरची द्वितीया-तृतीया धरते. उधाणाचा जोर असतो, त्यामुळे पाणी लांबवर मागे जातं, आणि तेही सकाळी, ऊन चढायच्या आत. अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही. त्या दिवशी नुसतं फिरायला जावं. पावसाळ्यात तर जाऊच नका. दर्या खवळलेला असतो, शिवाय वाहून येणारे निळ्या फुग्यांसारखे ब्लूबॉटल मेलेले असले तरी डसतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर पोचायचं. काजळी नदीच्या मुखापासून झरी विनायकाच्या दिशेने चालत निघा, सुरूचं बन डाव्या हाताला ठेवून. लोक थेट पाण्याकडे धावतात. त्याआधी वर, रात्रीच्या भरतीने काटक्या-कचऱ्याची जी रेघ मागे ठेवलेली असते, ती बघावी. हलकं सामान तिथेच अडकतं. पांढरा, वजनाला काहीच नसलेला, होडीच्या आकाराचा तुकडा मिळाला तर तो समुद्रफेस, म्हणजे माकूल नावाच्या मऊ समुद्री जीवाच्या पाठीतलं हाड. आवडीने माकूल खाणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं! मग खाली ओल्या वाळूवर उतरा. तिसऱ्या, खुबे, कालवं यांची टरफलं इथे पैशाला पासरी. वेळ असेल तर मांडवीलाही जा. तिथल्या काळ्या वाळूवर पांढरं शिंपलं लांबूनच डोळ्यात भरतं.

शिंपलं उचललंत की बिजागरीजवळ बोट फिरवा. पुष्कळदा तिथे बारीक गोल भोक सापडतं, बाहेरून रुंद, आत निमुळतं, सुताराने स्क्रूचं डोकं बसवायला कोरावं तसं. हे काम वाळूत दडणाऱ्या एका गोल गुळगुळीत शंखाच्या गोगलगायीचं. ती शिंपलं धरते, एक स्राव सोडून कवच मऊ करते, खरखरीत जिभेने खरवडत भोक पाडते आणि आतला जीव खाऊन टाकते. मुली माळेसाठी हीच भोकाची शिंपलं निवडून घेतात. निवडोत बापड्या.

शंखाची गोष्ट वेगळी. तो रिकामाच आहे असं कधी धरून चालू नका. ओल्या तळहातावर तोंड वर करून ठेवा आणि गप्प राहा. थोड्या वेळाने आधी दोन मिशा, मग नांगीचं टोक बाहेर आलं, तर आत भाडेकरू खेकडा आहे. होता तिथे ठेवा. उभट शंकूसारखा, नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातच लावायचा नाही. त्यातल्या गोगलगायीचा डंख विषारी असतो.

घरी नेताना एका जातीचं एकच, हा आमच्या घरचा नियम. पिशवी भरून नेणाऱ्यांचं मला नवल वाटतं; आठवड्याने तो ढीग गॅलरीत वास मारत पडलेला असतो. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही जातींचे शंख यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, ते उचलायचेच नाहीत. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर काहीच आणू नका.

आणलेलं रात्रभर गोड्या पाण्यात बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा. पितळी भांड्यांसारखी चकाकी यावी म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर लावू नका. शिंपलं म्हणजे चुनाच, आंबटाने ते विरघळतं. पूर्वी कोकणात शिंपलं भाजूनच घरबांधणीचा चुना करत. चमक हवी तर खोबरेल तेलाचं एक बोट पुरे.

ठेवायला लाकडी पेटी किंवा पुठ्ठ्याचं खोकं नको. त्यातून सुटणाऱ्या आम्ल वाफेने काही वर्षांत शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते. काचेची बरणी घ्या, आणि प्रत्येकासोबत जागा, तारीख आणि तिथी लिहिलेली चिठ्ठी टाका.